तीस हजारांत किती उजेड बसतो

तीस हजार रुपये ही डीएसएलआर घेण्यासाठी फार अवघड रक्कम आहे. दहा असते तर विषयच नव्हता. साठ असते तर डोक्याला एवढा ताप झाला नसता. तीस हजारांत दुकानात ताठ मानेनं शिरता येतं, कॅमेरा हातात घेऊन शटरचा तो 'खटॅक' आवाज ऐकता येतो. पण एक गोष्ट घ्यायची तर दुसरी काउंटरवर सोडून यावी लागते.

मे २०१७ मध्ये माझ्या खात्यात एवढेच होते. नांदेडला इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपत आलं होतं आणि हे पैसे दोन वर्षांच्या शिकवण्यांचे होते. नांदेड आणि लातूर या दोन शहरांत अकरावी-बारावीच्या क्लासचा एवढा पसारा आहे की इंजिनिअरिंगच्या पोराला मॅथ्स शिकवायला मुलं शोधावी लागत नाहीत, मुलंच त्याला शोधत येतात. वर एका क्लासची वेबसाइट करून दिली होती, त्याचे चार हजार. घरी मागायचे नाहीत असं काही मी ठरवलं नव्हतं, ते ठरलेलंच होतं. पप्पा लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर मुनीम आहेत. तूर आणि सोयाबीनच्या पट्ट्या लिहून तीन माणसांचं घर चालवणाऱ्याला 'मला कॅमेरा पाहिजे' असं सांगायला जी निर्लज्जता लागते, ती माझ्यात कधी आलीच नाही.

मग मी इंजिनिअर जे करतो ते केलं. एक्सेल शीट उघडली.

त्या वेळी आमच्याकडे पहिला डीएसएलआर म्हटलं की दोनच नावं निघायची. कॅननचा १३००डी आणि निकॉनचा डी३४००. दोन्ही २०१६ साली आलेले. कागदावर निकॉन सरळसरळ पुढे होता. २४ मेगापिक्सेल विरुद्ध १८. सेकंदाला पाच फोटो विरुद्ध तीन. फोकसचे अकरा पॉइंट विरुद्ध नऊ. बॅटरी एका चार्जिंगवर बाराशे फोटो विरुद्ध पाचशे. कॅननच्या बाजूनं सांगण्यासारखं एवढंच, की त्यात वाय-फाय होतं आणि फोटो लगेच फोनवर घेता यायचे. सेन्सर मात्र जुन्या घराण्यातला. सावलीतला भाग नंतर कॉम्प्युटरवर उजळायला गेलं की फोटोवर रंगीत वाळू सांडल्यासारखी दिसायची. निकॉनचा सेन्सर त्या बाबतीत फारच सरस. हॉस्टेलवर सगळे 'निकॉनच घे' म्हणत होते. ज्यांच्याकडे कुठलाच कॅमेरा नव्हता ते जरा जास्तच जोरात म्हणत होते.

शीटमध्ये निकॉनचा रकाना हिरवा होत गेला. अडलं ते लेन्सपाशी.

पहिला कॅमेरा घेणाऱ्याला हे कुणी सांगत नाही, म्हणून इथं जरा थांबतो. कॅमेऱ्याला फोकस करायचा तर लेन्समधली काच पुढे-मागे सरकावी लागते, आणि त्यासाठी मोटर लागते. ही मोटर एकतर लेन्समध्ये असते किंवा बॉडीमध्ये. कॅननच्या ईओएस घराण्यानं १९८७ साली सुरुवातीपासूनच ती लेन्समध्ये ठेवली. त्यामुळे कॅननचा सगळ्यात स्वस्त डीएसएलआरही कुठलीही ईएफ लेन्स लावली की निमूट फोकस करतो. निकॉननं जुन्या काळात मोटर बॉडीत ठेवली होती, आणि नंतर स्वस्त मॉडेलांमधून ती काढून टाकली. म्हणजे डी३४०० वर निकॉनची जुनी, स्वस्त ५० एमएम एफ/१.८ लेन्स बसते, फोटोही निघतो, पण फोकस हातानं करावा लागतो. आपोआप फोकस करणारी नवी ५० किंवा ३५ एमएम घ्यायची तर तेव्हा बारा हजारांच्या घरात जायचं. कॅननची २०१५ साली आलेली ५० एमएम एफ/१.८ आठ हजारांच्या आत मिळत होती.

आता किट लेन्सवर एवढं समाधान का नव्हतं, ही ५० एमएम मध्येच कुठून आली, असं कुणी विचारेल. तिकडे येतो. त्याआधी बाजारात आणखी दोन मोह होते.

पहिला मोह मोठ्या लेन्सचा. १३००डी दोन लेन्सच्या किटमध्ये तीस हजारांच्या आतच बसत होता, १८-५५ आणि ५५-२५०. एवढ्याच पैशांत दोन लेन्स, आणि त्यातली एक अशी लांबलचक की हातात धरली की माणूस फोटोग्राफर दिसावा. आमच्याकडे लग्नात ज्याची लेन्स लांब त्याला स्टेजवर आधी जागा मिळते. विष्णुपुरीच्या बंधाऱ्यावर पक्षी यायचे, कॉलेज तिथंच, त्यामुळे 'पक्ष्यांचे फोटो काढू' हे कारणही तयार होतं. माझा रूममेट रोज एकदा म्हणायचा, "झूम नाही तर काय करायलास डीएसएलआर घेऊन? त्यापेक्षा मोबाइल काय वाईट हाय?"

लांब लेन्सबद्दल माझं मन थोडं कडू होतं, त्याला कारण २०१६. त्या वर्षी लातुरात पाणी संपलं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. मी तेव्हा सुट्टीला घरी होतो. आमच्या गल्लीत टँकर आला की त्याच्या मागं कॅमेरेवाले असायचे. पलीकडच्या कोपऱ्यावर उभं राहून, लांब लेन्स लावून, रिकाम्या घागरींच्या रांगेचे फोटो काढायचे. त्यांचं काम ते करत होते, त्यात वाईट काही नाही. ते फोटो छापून आले म्हणून रेल्वे आली असंही म्हणता येईल. पण त्या रांगेत माझी आई होती आणि तिनं पदर तोंडावर ओढून घेतला होता. आजही इंटरनेटवर लातूर शोधलं की दोनच लातूर जास्त करून सापडतात, १९९३ चं आणि २०१६ चं. पडलेलं आणि तहानलेलं. मधल्या तेवीस वर्षांत इथं कुणी हसलं, बारशं केलं, गंजगोलाईत भर दुपारी बांगड्यांचा भाव केला, याचे फोटो काढायला मुंबईहून कोण येणार? ते इथल्याच कुणीतरी काढायचे असतात.

दुसरा मोह सेकंड हँडचा. मी जिथं शिकवणी घ्यायचो त्या खोलीच्या खाली वजिराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक फोटो स्टुडिओ होता. मालकांना सगळे मामा म्हणायचे. लग्नसराई संपली की मामा एखादी बॉडी विकायला काढायचे. त्यांच्याकडे निकॉनचा डी५२०० होता, लेन्ससकट अठरा हजार. फोकस पॉइंट ३९, वळणारी स्क्रीन, वर एक्स्टर्नल माइकचं सॉकेट, जे डी३४०० मधून निकॉननं काढूनच टाकलं होतं. मी एक फोटो काढून पेन ड्राइव्हवर घेतला. निकॉनची गंमत अशी, की प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये शटर आजवर किती वेळा पडलं तो आकडा लिहिलेला असतो. कॅननच्या स्वस्त बॉडीत तो असा फाइलमध्ये सापडत नाही, म्हणून तिथं विकणाऱ्याच्या शब्दावर बरंच अवलंबून राहावं लागतं. आकडा निघाला ब्याण्णव हजार. अशा बॉडीचं शटर साधारण एक लाखापर्यंत टिकेल असं धरतात. पुढेही चालतं, पण मग ते नशीब.

मी आकडा मामांना सांगितला. मामा हसले.

"लग्नाचं घोडं हाय बाबा ते. चार सीझन पळालंय. तुला सांगू का, मी तुझ्याजागी असतो तर मीच घेतलं नसतं."

मग त्यांनी स्टुलावर बसवून चहा पाजला आणि विचारलं, "फोटो कशाचे काढणार?"

शीटमध्ये मेगापिक्सेल होते, बॅटरी होती, वजन होतं, लेन्सचे भाव होते. हा रकाना नव्हता. पण उत्तर अगदीच माहीत नव्हतं असंही नाही. त्याच मार्चमध्ये एका सीनियरचा डी५३०० दोन दिवसांसाठी मागून घेतला होता, गुरुद्वाऱ्याच्या हल्ला महल्ल्यासाठी. घोडे, निहंगांचे निळे फेटे, पळत सुटलेली गर्दी, सगळीकडे रंग. मी दोन दिवसांत सहाशेच्या वर फोटो काढले. नंतर पायथनची दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून प्रत्येक फोटो कुठल्या फोकल लेंग्थवर काढलाय ते फाइलमधून बाहेर काढलं. काढलेल्यांपैकी बरेचसे घोड्यांचे. पण आवडले म्हणून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेले जवळजवळ सगळे पन्नासच्या आसपासचे, आणि त्यात घोडा एकच. बाकी माणसं. लंगरमध्ये पोळ्या लाटणारी एक म्हातारी बाई, चपला ठेवायच्या खिडकीमागचा पोरगा, भिंतीला टेकून पेंगणारा एक जथेदार. चेहरे, आणि तेही सावलीतले.

मामांना मी म्हणालो, "आज्जीचे."

आमचं मूळ गाव किल्लारीपासून आठ-दहा किलोमीटरवर. ३० सप्टेंबर १९९३ ला, गणपती विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जो भूकंप झाला, त्यात आजोबा गेले. आमच्याकडची जुनी घरं दगड-मातीच्या हातभर जाड भिंतींची, वर लाकडावर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, आणि पडली की थेट कबर. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. घरातलं जे काही निघालं त्यात भांडी होती, एक तिजोरी होती. फोटो एकही नव्हता. आजोबांचा चेहरा म्हणून आमच्याकडे जो आहे तो सोसायटीच्या कर्जाच्या अर्जावरचा. गावातली सोसायटी गाडली गेली, पण अर्जाची एक प्रत औशाला बँकेत होती. पप्पांनी ती तीन वर्षांनी मिळवली. नखाएवढ्या फोटोची फोटोकॉपी मोठी करून फ्रेम केली, आणि आजोबांच्या डाव्या खांद्यावर बँकेचा अर्धा गोल शिक्का आहे. लहानपणी मला वाटायचं की ते पोलिसात होते.

आज्जी शेवटपर्यंत गावातच राहिली, नव्या गावठाणात. भूकंपानंतर घरं जमिनीच्या हिशोबानं मिळाली, अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची. आमचं अडीचशेचं. एक खोली, एक अर्धी खोली, जाळीची एक खिडकी. त्यात आज्जी जिथं बसायची ती जागा खिडकीच्या समोर नव्हे, खिडकीच्या बाजूच्या भिंतीला टेकून. दारात बस म्हटलं की यायची नाही. उघड्यावर फोटो काढला की ती ताठ व्हायची आणि तोंड मिटून घ्यायची. आधार कार्डावर ती जशी दिसते तशी. ती आत, तिच्या जागी बसलेली असतानाच ती वाटायची.

मे महिन्यात गावी गेलो तेव्हा संध्याकाळी पाच वाजता मी तिचा फोनवर फोटो काढला. फोटो काही खास नव्हता, पण मला फोटो नकोच होता, त्याच्या मागचे आकडे हवे होते. फोनची लेन्स एफ/२, आयएसओ ८००, शटर एका सेकंदाचा विसावा भाग. खोलीतला उजेड मोजायचं मीटर फुकटात मिळालं.

पुढचा हिशोब सरळ आहे. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं भोक केवढं ते. आकडा लहान तितकं भोक मोठं, आणि उजेड त्याच्या वर्गाच्या हिशोबात वाढतो. किट लेन्स ५५ एमएमवर नेली की तिचं भोक एफ/५.६ पेक्षा मोठं होत नाही. त्याच खोलीत, आयएसओ १६०० वर, किट लेन्सला शटर एका सेकंदाच्या पाचव्या भागाएवढं उघडं ठेवावं लागलं असतं. एफ/१.८ च्या लेन्सला पन्नासावा भाग पुरला असता. जवळजवळ दहापट फरक. किट लेन्समध्ये हात हलला तर सांभाळून घेणारं स्टॅबिलायझेशन असतं, ते खरं. पण ते फोटो काढणाऱ्याच्या हातासाठी. आज्जीची मान बारीक हलायची, गेली कित्येक वर्षं. एक पंचमांश सेकंद तिला पुतळ्यासारखं बसवणं मला किंवा कुठल्याच कंपनीला जमलं नसतं.

निकॉनचा सेन्सर कितीही चांगला असला तरी तो या दहापटीतला थोडाच भाग भरून काढू शकत होता. आणि निकॉनबरोबर उजेडाची लेन्स घ्यायला माझे तीस हजार पुरत नव्हते. दोन झूमचं किट या खोलीत दोन अंधाऱ्या लेन्स घेऊन आलं असतं. शीटमध्ये मी सगळ्यात वर एक रकाना टाकला, 'आज्जीची खोली, ५ वा.', आणि बाकीचे हिरवे-लाल रंग काढून टाकले. १३००डी, १८-५५, आणि ५० एमएम एफ/१.८. बॉडी यादीतली सगळ्यात साधी. कुठल्याही तुलनेत हरणारी.

खरेदीला मुहूर्त सरकारनं दिला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागणार होता आणि कॅमेरे २८ टक्क्यांच्या गटात जाणार होते (पुढे १ जानेवारी २०१९ पासून ते १८ वर आले). जूनच्या शेवटच्या आठवड्यात दुकानदारांना जुना माल काढून टाकायची घाई झाली होती. नांदेडात एकानं बिलाशिवाय दोन हजार कमी सांगितले. कॅमेऱ्याच्या धंद्यात बिलाशिवाय म्हणजे बहुतेक वेळा कंपनीच्या इथल्या वॉरंटीशिवाय, बाहेरून आलेला माल. खोक्यावरचा आणि बॉडीवरचा सीरियल नंबर जुळतोय का, वॉरंटी कार्डावर भारतातल्या कंपनीचं नाव आहे का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ कळतं. मी लाल बस पकडली, लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला आलो आणि पप्पांना बरोबर घेतलं. मुनीम बरोबर असला की बिलाची काळजी करावी लागत नाही.

दुकानदारानं काउंटरवर कॅमेरा ठेवला आणि सवयीनं बोलायला लागला. अठरा मेगापिक्सेल, फुल एचडी, वाय-फाय. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि दोन प्रश्न विचारले.

"बिल पक्कं ना?"

"हो काका, एकदम पक्कं."

"आन् यात फोटो किती मावतेत?"

सोळा जीबीच्या कार्डात दोन-अडीच हजार, असं तो म्हणाला. पप्पा गप्प झाले. त्यांच्या डोक्यात छत्तीस फोटोंचा रोल होता. लग्नात त्यांच्या वाट्याला त्यातले चार आले होते. मग त्यांनी लेन्स हातात घेतली. ५० एमएम इतकी छोटी आणि हलकी आहे, दीडशे-एकशे साठ ग्रॅमची, की बघणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं.

"हे एवढंसं आठ हजाराला?"

"काका, ही नुसती लेन्स आहे. झूम पण होत नाही," दुकानदार म्हणाला. त्याला दोन झूमचं किट खपवायचं होतं, त्यामुळे तो खरं तर माझ्या विरुद्ध बाजूनं बोलत होता. "सर, तुम्ही ते डबल किट घ्या, त्यात ट्रायपॉड फ्री करून देतो."

मी फोनवर आज्जीचा तो फोटो उघडून पप्पांना दाखवला आणि पंचमांश सेकंद आणि पन्नासावा भाग समजावून सांगितला. आकड्यांच्या माणसाला आकडे सांगितले की सोपं जातं. त्यांनी ऐकलं. एकूण झाले एकतीस हजार दोनशे. "वरचे बाराशे मी घालतो," म्हणाले, आणि दुकानदाराकडून बॅग फुकट काढून घेतली. ट्रायपॉडही मागितला. तो मिळाला नाही.

वापरायला लागल्यावर कळलेल्या दोन गोष्टी, कुणाला उपयोग झाला तर. एक म्हणजे या सेन्सरवर ५० एमएम लेन्स पूर्ण फ्रेमच्या ८० एमएमएवढा कोन देते. सेन्सर लहान, म्हणून चित्र कापलं जातं. चेहऱ्याला हे फार छान, पण अडीचशे चौरस फुटांच्या घरात कंबरेपर्यंतचा फोटो काढायचा तर फोटोग्राफरची पाठ दाराला लागते. मी अर्धा बाहेर, उंबऱ्यावर बसून काढायचो. दुसरं, एफ/१.८ उघडं ठेवून दीड मीटरवरून फोटो काढला की साधारण सहा सेंटिमीटरचा पट्टाच स्वच्छ दिसतो. डोळ्यावर फोकस केला की कान विरघळतो. १३००डी च्या नऊ पॉइंटांपैकी मधलाच खरा भरवशाचा. तो डोळ्यावर धरायचा, अर्धं बटण दाबायचं, मग फ्रेम सरकवायची, आणि तेवढ्या वेळात आज्जीची मान इकडची तिकडे. दहातले सहा फोटो वाया जायचे. चार मिळायचे, आणि चार पुष्कळ झाले.

"असं काय बघलालास रं मघापासून?" ती विचारायची. कॅमेऱ्याचा तिला त्रास नव्हता, माझ्या गप्प बसण्याचा होता. म्हणून मी बोलत राहायचो, आणि बोलता बोलता बटण दाबायचो. त्या वर्षीच्या दिवाळीत एकदा ती आजोबांना बैल कसा लाथाडला होता ते सांगत होती. हसताना तिचा वरचा ओठ दातांच्या रिकाम्या जागेत आत जायचा. आयएसओ १६००, एफ/२.२, साठावा भाग. सावलीत थोडी रंगीत वाळू आहे. निकॉननं कदाचित ती कमी पडू दिली असती.

आता मी पुण्यात नोकरी करतो आणि ऑफिसमधले ज्युनियर विचारतात, पहिला कॅमेरा कुठला घेऊ. २०२० नंतर कॅनन किंवा निकॉन, दोघांनीही नवा डीएसएलआर आणलेला नाही; सगळं मिररलेसकडे गेलंय. त्याचा फायदा असा, की जुने डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स सेकंड हँडमध्ये चांगल्याच स्वस्त झाल्यात. मला वाटतं कमी पैशांत शिकायचं असेल तर इतका चांगला काळ कधी नव्हता. फोनचा पोर्ट्रेट मोड आहेच, आणि तो कसा चालतो हे मला कामामुळे बऱ्यापैकी कळतं. तो माणूस कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते याचा अंदाज बांधतो आणि भिंत पुसट करतो. अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. आज्जीच्या कानामागच्या विरळ पांढऱ्या केसांपाशी मात्र माझ्या नव्या फोननं तीनदा प्रयत्न करून तीनदा केस भिंतीत जमा केले. फोनवाल्यांशी माझं भांडण नाही. फक्त कुणी मॉडेलचं नाव विचारलं की मी आधी विचारतो, फोटो कुणाचा, आणि ते माणूस दिवसातून बहुतेक वेळ कुठं बसतं.

आज्जी २०२० च्या दिवाळीनंतर गेली. बैलाच्या गोष्टीतला फोटो पप्पांनी निवडला. नातेवाईक म्हणाले, हसतानाचा फोटो भिंतीला लावत नाहीत. पप्पांनी लावला. प्रिंट काढायला आम्ही लातुरातल्या एका स्टुडिओत गेलो, बारा बाय अठरा. तिथल्या पोरानं स्क्रीनवर फोटो उघडला आणि विचारलं, मागची भिंत निळी करू का, आणि सुरकुत्या थोड्या घेऊ का. नको म्हटलं. पप्पांनी आजोबांची फ्रेमही बरोबर आणली होती, दोन्ही एका मापाच्या करून घ्यायला. पोरानं ती स्कॅन केली, मोठी केली आणि म्हणाला, "काका, हा शिक्का निघतो आता. पाच मिनिटांचं काम आहे. खांदा पण भरून देतो."

पप्पा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"राहू दे," म्हणाले. "शिक्का होता म्हणूनच बँकेनं कागद जपला."

मग फ्रेमच्या भावावरून त्यांनी त्याच्याशी वीस मिनिटं घासाघीस केली आणि दोन फ्रेममागं दीडशे रुपये सोडवून घेतले.